भाजीच्या सुरीतलं रक्त

इवामात्सुच्या अंत्यविधीला अकरा माणसं होती. त्यांतल्या चौघांनी कधी ना कधी त्याच्या हातचा मार खाल्लेला होता. पाचवा मी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात, पण मग इवामात्सुबद्दल बोलायलाच नको.

आमच्या साकाई गावात एक सुरी एका माणसाची कधीच नसते. लोहार पातं घडवतो, धारवाला त्याला धार लावतो आणि माझ्यासारखा एखादा शेवटी मूठ बसवतो. इवामात्सु धारवाला होता. त्याची भिंत ती माझी भिंत. चाळीस वर्षं त्याचं दगडी चाक माझ्या पाठीमागे घरघरत होतं, आणि चाक थांबलं की मला धडकी भरायची. चाक फिरतंय तोवर हा माणूस देवासारखा असायचा.

त्याच्यासारखी नजर गल्लीत दुसऱ्या कोणाला नव्हती. पातं डोळ्यासमोर आडवं धरून उजेडाकडे करायचा आणि सांगायचा, ही सुरी डावखुऱ्याची आहे, ही ओली ठेवून बाई झोपली, हिने गोठलेला मासा कापलाय. पातं वाचता आम्हा सगळ्यांनाच येतं, धंद्याचाच भाग आहे तो. पण आम्ही अक्षरं जुळवत वाचायचो आणि हा पत्र आल्यासारखं वाचायचा. एकदा त्याने एका खानावळवाल्याला तोंडावर सांगितलं, "तुझा आचारी तुझ्यावर चिडलाय. सुरी पाटावर आपटून ठेवतो." आठवड्यात आचारी सोडून गेला.

आणि राग म्हणाल तर कायम नाकाच्या शेंड्यावर. एका व्यापाऱ्याचा पोरगेला कारकून धारेवर बोट ठेवून म्हणाला, "इथे जरा लाट वाटते." इवामात्सुने त्याची मान धरून तोंड चाकाखालच्या गाळाच्या टाकीत दाबलं. तो राखाडी गाळ त्याच्या नाकातोंडातून बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. "आता दिसते का लाट?" म्हणून विचारलं. स्वतःच्या मेव्हण्याचे दोन दात पाडले, तेही नववर्षाच्या दिवशी, मोचीचा, म्हणजे तांदळाच्या चिकट वडीचा, तुकडा त्याच्या तोंडात असताना. मला मारलं त्याचं कारण मला अजून माहीत नाही. त्यालाही नसावं.

पण खरं सांगायचं ते खांबाबद्दल. त्याच्या कामाच्या खोलीत मधोमध केयाकीच्या टणक लाकडाचा एक खांब होता. कधी कधी लोहाराकडून आलेल्या पात्यात केसाएवढी चीर निघते. बाहेरून दिसत नाही, धार लावायला घेतल्यावर उघडी पडते, आणि दोन दिवसांची मेहनत मातीत जाते. असं पातं निघालं की इवामात्सु ते खांबावर फेकायचा. सपकन. मग पिळून बाहेर ओढायचा आणि पुन्हा फेकायचा. "राग लाकडात गेलेला बरा," असं तो शहाणपणाने सांगायचा. चांगलं पातं त्याने उभ्या जन्मात फेकलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं. फेकायचा ती चीर गेलेलीच.

फक्त त्याची बायको हात्सु त्या वेळी खांबाजवळ असली तरी तो थांबायचा नाही. पुढे पुढे ती नसली तर बोलावून घ्यायचा. भिंतीतून मला ऐकू यायचं, "उभी राहा तिथे. हलू नकोस." मग सपकन आवाज. मग सगळं शांत, आणि मग चाक सुरू. एका हिवाळ्यात पातं तिच्या कानाची पाळी घेऊन गेलं. मी मलमपट्टी घेऊन गेलो, दारातून आत दिली आणि परत आलो. एवढाच माझा पराक्रम. त्यांची मुलगी नुई तांदळाच्या पिंपामागे दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेली होती आणि मी तिला बघून न बघितल्यासारखं केलं. आज त्याची लाज वाटते. त्या दिवशी वाटली नाही, म्हणून जास्त वाटते.

नुई नऊ वर्षांची असताना हात्सु एक छत्री घेऊन घराबाहेर पडली ती वाकायामाला भावाकडे गेली, परत आलीच नाही. पोरीला इवामात्सुने जाऊ दिलं नाही. त्यानंतर खांबाजवळ उभं राहायला कोणी नव्हतं. नुईवर त्याने कधी हात उगारला नाही, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

टोकियोत ऑलिंपिक झालं त्याच्या सात वर्षं आधी नुईचं लग्न झालं. नवरा ओसाकात तामादेला लोणची विकायचा, नाव सेइता. मुळा, वांगी, काकडी मिठात आणि कोंड्यात मुरवणारा गरीब माणूस. बोलायला लागला की आधी माफी मागायचा. इवामात्सुने लेकीला भाजीची सुरी दिली, चौकोनी तोंडाची, सरळ धारेची. तिच्यावर नऊ दिवस बसला होता. मूठ मी बसवली, म्हशीच्या शिंगाचं कडं घालून. देताना तो एवढंच म्हणाला, "कापून झालं की लगेच पुसायची. मासा हिच्याजवळसुद्धा आणायचा नाही."

"माहितीये, बाबा," नुई म्हणाली.

दर चार महिन्यांनी ती सुरी धारेला यायची. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, कॅमेलियाच्या तेलाचं बोट फिरवलेली, आणि सोबत चिठ्ठी, 'धार गेली. लावून द्या.' इवामात्सु चिठ्ठी खिशात ठेवायचा. पाच वर्षं असंच चाललं. मग एकदा सुरी आली तर पुढचा खालचा कोपरा उडालेला.

"पडली असेल हातातून," मी म्हणालो.

 कोपरा घासून पुन्हा बसवायचा म्हणजे सगळी धार मागे न्यावी लागते, सुरी तेवढी लहान होते. इवामात्सुने ती तशी घासली आणि पाठवली. चार महिन्यांनी पुन्हा तोच कोपरा. या वेळी पात्याला किंचित पीळही होता. तो सुरी घेऊन माझ्याकडे आला, माझ्या खिडकीत उजेडाला धरली आणि माझ्या हातात दिली. "वाच," म्हणाला.

मी वाचलं. न वाचण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या खांबातून ओढून काढलेली पाती मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. पातं लाकडात कोपऱ्यावर घुसायचं आणि पिळून काढलं की असंच दिसायचं. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन मी म्हणालो, "फेकलीये कोणीतरी."

"कोणीतरी नाही. नवऱ्याने," तो म्हणाला. "माफी मागत बोलणारे असलेच असतात. वरून कोवळे आणि आत दगड."

मला हसू आलं आणि ते गिळलं. पण मीसुद्धा तेच वाचलं होतं. आम्हाला दोघांनाही एकच माणूस ठाऊक होता जो सुरी फेकतो, आणि तसलाच दुसरा त्या घरात शोधायचा तर तो नवराच असणार.

"मग जा आणि आण तिला," मी म्हणालो.

"मी कोणत्या तोंडाने जाऊ?" तो म्हणाला. एवढं खरं तो जन्मात दुसऱ्यांदा बोलल्याचं मला आठवत नाही. त्याने सुरी घासली आणि पाठवून दिली.

तिसऱ्या वेळी सुरी आली ती ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, वसंतात. कोपरा शाबूत होता, पण मूठ हलत होती, म्हणून माझ्याकडे आली. जुनी मूठ मी छिन्नीने उभी फोडली. आत पात्याचं जे शेपूट असतं त्यावर काळी खपली होती. गंज असेल म्हणून शेपूट नव्या मुठीसाठी निखाऱ्यात धरलं आणि वास आला. माशाचं रक्त जळलं की समुद्रासारखा वास येतो. हा वास तसा नव्हता. युद्धात बॉम्ब पडून गाव जळालं त्या उन्हाळ्यात हा वास आम्ही सगळ्यांनी आठ दिवस नाकात घेतला होता. माझ्या हातातली सांडशी खाली पडली.

भाजीच्या सुरीत रक्त. इवामात्सुची मुलगी त्या सुरीने मासा कापणार नाही, भूक लागून मेली तरी नाही.

मी भिंतीवर थाप मारून त्याला बोलावलं. तो आला, हुंगलं आणि खाली बसला. मग उठून नव्या मुठीत शेपूट स्वतः ठोकलं, माझ्या हातातून हातोडा घेऊन. सुरीला धार लावली, आणि अशी लावली की तशी मी पूर्वी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. नखावर टेकवली तर घसरायचं नावच नाही. पुसली, तेल लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळली. वाकडं पातं सरळ करायची त्याची ओकची दांडी असायची, हातभर लांब, ती त्याने कमरेला खोचली.

"सुरी कशाला घेतोस?" मी विचारलं.

"काम झालेली सुरी घरात ठेवत नाहीत," तो म्हणाला. "चल. ती जिवंत असेल तर आणायची आहे."

रविवार होता. नान्काईच्या आगगाडीत आम्ही एकमेकांसमोर बसलो होतो आणि तो खिडकीबाहेर बघत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता. "मी हात्सुला मारून टाकली नसती. मला ठाऊक होतं कुठे फेकतोय ते. याला ठाऊक नाहीये. याला नेम नाही." मी म्हणालो, "हात्सुचा कान?" त्यावर त्याने कमरेची दांडी चाचपली, आणि तामादे आलं.

दार सेइताने उघडलं. "बाबा, माफ करा, कळवलं असतं तर…" एवढंच त्याचं झालं. इवामात्सुने सुरीचं पुडकं पायरीवर ठेवलं, ठेवलं बरं का, टाकलं नाही, आणि दांडी काढून त्याच्या मानेच्या मुळाशी हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला, वाळकी फांदी मोडते तसा. सेइता गुडघ्यांवर आला. दुसरा फटका तोंडावर बसला, ओठ फाटून दातांत गेला. इवामात्सुने त्याचे केस धरून डोकं उंबऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. "कुठे फेकलीस? तिला कुठे लागली? बोल." सेइता बोलत नव्हता. हातही वर करत नव्हता. इतका मार खाणारा माणूस हात वर करत नाही, म्हणजे त्याला सवय आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी काय करत होतो? उभा होतो. चाळीस वर्षं तेच तर करत आलो होतो.

धक्काबुक्कीत पायरीवरचं वर्तमानपत्र उलगडलं होतं. आतल्या खोलीतून पाच वर्षांची चिए धावत आली. सेइताची मुलगी. तिने आजोबांकडे बघितलं नाही, बापाच्या रक्ताकडे बघितलं नाही, तिने उघडी पडलेली सुरी बघितली. मग ती सरळ बापाच्या पाठीमागे शिरली, त्याच्या पाठीला पाठ लावून बसली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

मार खाणाऱ्या बापाच्या मागे. मला तांदळाचं पिंप आठवलं. "इवा," मी म्हणालो, "थांब. इवा, पोरीकडे बघ."

त्याने बघितलं नाही. दांडी पुन्हा वर गेली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नुई आली. तिच्या अंगावर ना वळ होता ना ओरखडा. तिने वाकून सुरी उचलली.

"बाबा, त्यांना सोडा."

"तू आत जा."

"सोडा म्हणतेय ना."

दांडी खाली यायला लागली आणि नुईने सुरी फेकली. खांदा मागे, मनगट सैल, डोळा अर्धवट मिटलेला. ती तऱ्हा मी ओळखत होतो. इवामात्सुने उजवा हात आडवा घातला. सुरी त्याच्या बोटांच्या मुळातून गेली आणि दाराच्या चौकटीत सपकन रुतली. दांडी गडगडत गेली. रक्त यायला क्षणभर वेळ लागला. इतकी ती धार होती.

इवामात्सु हाताकडे बघत नव्हता, चौकटीकडे बघत होता. सुरीच्या शेजारी खाचा होत्या. वर, खाली, दाट. वीसेक तरी असतील. माणसाच्या डोक्याच्या उंचीला.

"याने कधी हात उगारलाय तुझ्यावर?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही."

"मग मुठीतलं रक्त?"

"त्यांचंच. खांद्यात लागली होती. त्यांनीच उपसून काढली."

सेइताचा ओठ लोंबत होता, तरी तो बोलला. "कळवलं असतं तर तुम्ही तिला घरी नेलं असतं, बाबा. त्या खांबाच्या घरी. म्हणून नाही कळवलं."

या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं इवामात्सुच्या हाताला सुरीनेही लागलं नसेल. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं. आणि त्याच्या तोंडून काय निघालं? निघालं ते असं. "चांगली सुरी फेकलीस, नुई. फेकायची तर खराब फेकायची."

"खराब सुरी घरात नाहीचे," नुई म्हणाली. "सगळ्या तुम्ही धार लावून पाठवता." मग ती खाली बसली आणि रडली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. चिएने कानांवरचे हात काढले नाहीत.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने आधी सेइताचं हाड बांधलं, मग इवामात्सुचा हात शिवायला घेतला. "जखम मात्र सुंदर आहे," तो म्हणाला. "बोथट सुरी असती तर मांस फाटलं असतं, सडलं असतं. धार कोणाची?"

"माझी," इवामात्सु म्हणाला, आणि देवाशपथ, त्याची हनुवटी जराशी वर गेली.

जखम भरली. पण बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या डॉक्टरला जुळवता आल्या नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं सरळच राहिली. पातं दगडावर दाबायचं कामच त्या बोटांचं असतं.

सेइताने त्याच संध्याकाळी सांगितलं. आवाज चढवला नाही, पण माफीही मागितली नाही. "नुईला घेऊन जा. चिए माझ्याकडे राहील. नुईचा राग जाईल तेव्हा बघू."  निघण्यापूर्वी नुईने चौकटीतली सुरी काढली, पिळून नाही, सरळ. धुतली, पुसली, पुन्हा पुसली, तेलाचं बोट फिरवलं आणि फळीवर ठेवली. ओली सुरी टाकून आमच्याकडचं माणूस घर सोडत नाही.

म्हणजे एक आई पोर मागे ठेवून निघून गेली होती, आता दुसरी. खाण तशी माती, असं गल्लीतल्या बायका बोलल्या. मी एकीला झापलं, पण तिचं चुकत नव्हतं.

नुई बापाच्या चाकावर बसली. तो मागे उभा राहून सांगायचा आणि ती घासायची. पहिल्याच हिवाळ्यात तिच्या हातात एक पातं चिरलं. तीन दिवसांचं काम. चाक थांबलं. या वेळी मात्र मी उठलो आणि दार सरकवून आत गेलो. नुई पातं घेऊन उभी होती, खांदा मागे गेलेला. इवामात्सु चालत गेला आणि खांबाला पाठ लावून उभा राहिला, खाचा त्याच्या डोक्यामागे.

"टाक," तो म्हणाला.

"बाजूला व्हा."

"हात्सु इथेच उभी राहायची. टाक. मी हलणार नाही."

नुईने पातं खाली घेतलं नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण म्हाताऱ्याच्या पायाशी थेंब पडत होते आणि तो घाम नव्हता. भ्यायला होता तो. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना भीती दिली, त्याला ती पहिल्यांदाच मिळत होती, आणि मला त्याची कीव आली नाही. शेवटी नुईने पातं गाळाच्या टाकीत सोडून दिलं आणि पुन्हा चाकावर जाऊन बसली. त्यानंतर त्या खांबात खाच पडली नाही. मी भिंतीपलीकडे होतो, मला माहीत आहे.

तामादेची सुरी मात्र धारेला येत राहिली. सेइताच पाठवायचा, चिठ्ठीशिवाय. बाप-लेक दोघं ती उजेडाला धरायची आणि आधी पुढचा खालचा कोपरा बघायची. कोपरा शाबूत असायचा. मग नुई ती धार लावायला घ्यायची आणि त्या दिवशी दुसरं काम घ्यायची नाही.

चिए नऊ वर्षांची झाली त्या वर्षी, हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस होऊन तीन-चार दिवस झाले असतील, सुरी आली. या वेळी चिठ्ठी होती, पेन्सिलीने लिहिलेली, मोठाल्या अक्षरांत. 'धार गेली. लावून द्या.' नुईने ती वाचली. वर्तमानपत्र तिने मलाच उलगडायला लावलं. धारेत टवका उडाला होता.

 नुईने सुरीला हात लावला नाही. इवामात्सुने ती डाव्या हाताने उचलली, खिडकीशी गेला आणि डोळ्यासमोर आडवी धरली. तोवर त्याला एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, त्यामुळे त्याला फार वेळ लागला. त्याने अंगठा धारेवरून फिरवला, परत फिरवला. नुई भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात कानांवर.

"कोपरा नाही. मधे आहे," तो म्हणाला. "आणि पीळ उलटा आहे. पाटावर दाबून पिळलीये." मग त्याने पात्याच्या मुळाशी नाक नेऊन हुंगलं. "भोपळा. सगळ्यात लहान दिवशी भोपळा खातात ना, तोच करायला घेतला असेल पोरीने, आणि अर्ध्यात अडकला."

नुईने कानांवरचे हात खाली घेतले.

"तिला लिही," म्हातारा म्हणाला. "भोपळ्यात सुरी पिळायची नसते म्हणावं. सरळ दाबायची, आणि नाही गेली तर बापाला बोलवायचं." आणि सुरी तिच्या हातात देऊन तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू काय उभा आहेस, योहेई? कागद आण."